सतरा जानेवारीच्या नोंदीची दुरुस्ती

मी, लीलाधर आसाराम बहेकार, वय ६८ वर्षे, राहणार गोंदिया, निवृत्त बॉयलर अटेंडंट (दुसरा वर्ग), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून आणि राजीखुशीने करून ठेवतो. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेलंही नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत एक स्प्रिंग बसवली, ती अजून चालू आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जो माणूस टीव्हीपुढे बसून "उजवीकून मारते हा, उजवीकून" असं ओरडतो त्याला असा दाखला मिळालाच कसा, असं माझ्या पत्नीचं म्हणणं आहे. ते तिचं मत आहे, कायद्याने ग्राह्य नाही.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं समजावं.

कलम १. गोंदियातलं राहतं घर माझ्या पश्चात पत्नी नंदाबाई हिचं, आणि तिच्या पश्चात मुलगी रेणू हिचं. बँकेत जे काही असेल ते सगळं नंदाबाईचं. यात वाद घालायला कोणी उरलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा फ्लोट वॉल्व्ह दर पोळ्याला काढून साफ करावा. मी नसताना तो कोणी करणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम २. अवजारं. लोखंडी पेटीतले पाने, हातोडे, दोन जुने प्रेशर गेज आणि माझं सर्टिफिकेट रेणूने ठेवावं किंवा भंगारात द्यावं, तिची मर्जी. अठरा इंची पाइप पाना मात्र पेटीत सापडणार नाही. तो २०११ सालापासून शेजारी शालीकराम मेंढे यांच्याकडे आहे. एका दिवसासाठी नेला होता. तो त्यालाच देऊन टाकावा असं माझ्या मनात होतं, पण शालीकराम या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला बसू नये, मागाहून भानगडी होतात. तेव्हा शालीकरामने पाना परत करावा.

कलम ३. गेमचा डबा, त्याचे दोन रिमोट आणि त्यासोबतची माझी वही रेणूला. डबा मुळात तिचाच. लॉकडाऊनमध्ये ती पुण्याहून घरी येऊन काम करत होती, जाताना "बाबा, तुम्ही खेळा" म्हणून ठेवून गेली. त्यातला सोपा गेम कोणता असं विचारायच्या ऐवजी मी अवघड कोणता असं विचारलं. हा माझा स्वभाव.

गेम असा आहे. चिलखत घातलेला एक एकटा शिपाई असतो. त्याला एका मोडक्या किल्ल्यात वर वर चढत जायचं असतं. पहिल्याच दारावर हातोडा घेतलेला एक दांडगा पहारेकरी उभा असतो. त्याने मला एकशे सत्त्याऐंशी वेळा मारलं. ही संख्या अंदाजे नाही. चौतीस वर्षं मी दर तासाला बॉयलरचा दाब आणि पाण्याची पातळी लॉगबुकात लिहिली, हाताला सवय आहे, म्हणून गेमचंही लॉगबुक ठेवलं. रकाने चार: क्रमांक, तारीख, कशाने मेलो, कारण.

गेल्या वर्षीच्या दिवाळीला रेणू आली तेव्हा तिने ती वही वाचायला घेतली. मी पोहे खात होतो. कारणाच्या रकान्यात मी लिहिलेलं असायचं: लाईन गेली. नंदाबाई बोलली. रिमोट अडकला. डोळ्यावर उजेड आला. हातोडा लागला नव्हता तरी लागला दाखवलं. साठ नोंदी तिने वाचल्या, हसली, आणि वही मिटून म्हणाली, "बाबा, साठ वेळा मेले तुम्ही, आणि यात एकदाही तुमची चूक नाही."

ती थट्टा करत होती. पोहे अर्धेच ठेवून मी हात धुतले आणि गच्चीवर जाऊन टाकी बघत उभा राहिलो, टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

एकसष्टाव्या नोंदीपुढे मी लिहिलं: घाई केली. माझी चूक. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी तशाच आहेत, वहीत पाहता येतील. घाई, घाई, हावरटपणा, घाई, पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच खेळ सुधारला. या मार्चमध्ये पहारेकरी पडला. नंदाबाईने शिरा केला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी मात्र वहीचं कोरं पान काढून २६ वर्षांपूर्वीची एक नोंद नव्याने लिहायला बसलो. ती कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. एस्प्रेसो कॉफीचं यंत्र. हे लांबेल, वकिलांनी माफ करावं.

हे यंत्र निवडायला मला चौदा महिने लागले. रेणू म्हणाली होती, बाबा, एक आवडलं की सांगा, मी पाठवते. मी तेवीस यंत्रांचा तक्ता केला. जाहिरातीत कोणी पंधरा बार लिहितो, कोणी वीस. कॉफीला लागतात नऊ. नऊ बार म्हणजे आमच्या भाषेत एकशे तीस पौंड. आमच्या राईस मिलचा बॉयलर शंभर पौंडांवर चालायचा आणि त्याच्यापुढे सरकारी सर्टिफिकेट असलेला माणूस बसवावा लागायचा. इथे स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्याशेजारी, एकशे तीस. हा दाब पंपाचा असतो, वाफेचा नसतो, आणि पाणी एवढंसं असतं, हे मला समजतं. तरी माझ्या तक्त्याचा पहिला रकाना होता: सेफ्टी वॉल्व्ह कुठे? दुसरा: गेज बाहेरून दिसतो का? चव हा रकाना मी केलाच नव्हता. एका कंपनीच्या फोनवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, सर, आपल्याला कॉफी कशी आवडते? मी तिला विचारलं, तुमचा वॉल्व्ह किती पौंडांना सुटतो? तिने साहेबांना देते म्हणून फोन धरून ठेवायला सांगितला, तो मी पंचवीस मिनिटं धरला.

बटण दाबलं की सगळं आपोआप करणारी यंत्रं मी खोडली, कारण आत काय चाललंय ते माणसाला कळत नाही. हाताने दांडा ओढायचं एक यंत्र फार सुंदर होतं. ते मी तीनदा निवडलं आणि तीनदा खोडलं. दांडा असलेलं काही मला घरात नको होतं. शेवटी छोट्या बॉयलरचं, समोर गोल गेज असलेलं घेतलं. दाणे गोंदियात मिळेनात, ते रेणू पार्सलने पाठवते. पहिली कॉफी नंदाबाईने चाखली आणि काढा म्हणून आल्याचा तुकडा मागितला.

सगळ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला निवृत्तीनंतर छंद लागला. तो छंद नव्हता. सात वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगावला एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात कॉफीचं मशीन लावलं होतं, आपल्याकडे लग्नात असतं तसं उभं, पितळी, फुसफुसणारं. त्याच्या मागे चैतराम उईके उभा होता. चिचगडचा. माझा एकेकाळचा फायरमन, म्हणजे भट्टीत धानाचा भुसा टाकून आग राखणारा माणूस. उजव्या हाताची बोटं आखडलेली, त्या हाताने नुसता ग्लास टेकवायचा आणि डाव्या हाताने वाफेचा कॉक फिरवायचा. इतक्या सफाईने फिरवायचा की एक थेंब बाहेर उडत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, साखर कमी का बराबर?" मी कमी म्हणालो. ग्लास घेतला, मांडवामागे नेला आणि जमिनीवर ओतला.

त्यानंतर कोणत्याही लग्नात मी कॉफीच्या बाजूला फिरकलो नाही. कॉफी घरीच मिळाली तर तिकडे बघायचं कारणच उरणार नाही, असा माझा हिशेब. आणि यंत्र निवडायचं काम चालू होतं तोवर मी रोज सकाळी कामात होतो. चिचगडची बस रोज सकाळी गोंदियाहून सुटत होती.

तर हे एस्प्रेसोचं यंत्र, दाणे दळायच्या चक्कीसह, माझ्या पश्चात चैतराम उईके याला द्यावं. तसंच चोरखमाऱ्याच्या कालव्याखालची माझ्या वाट्याची एक एकर धानाची जमीन त्यालाच द्यावी. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. हे कलम काढून टाका असं वकिलांनी दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही.

ज्या मिलमध्ये मी होतो तिचं नाव लिहीत नाही. ती बंद पडली आहे, आणि चूक मिलची नव्हती. लॉगबुकात दिनांक १७ जानेवारी १९९९, वेळ सकाळी ११.२०, याची नोंद माझ्या अक्षरात अशी आहे: "फायरमनने निष्काळजीपणे हाताळल्याने गेज ग्लास फुटला. फायरमन जखमी." ही नोंद खोटी आहे. दुरुस्त नोंद खालीलप्रमाणे.

धान उसनायचा, म्हणजे टाक्यांत वाफेवर उकडायचा हंगाम होता. आमच्या सेफ्टी वॉल्व्हला बाहेर दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला वजन. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की दांडा उचलला जातो आणि वाफ सुटते. त्या आठवड्यात तो नव्वदलाच सुटत होता. वाफ वाया जायची, टाक्या तापायच्या नाहीत. वॉल्व्ह खोलून घासायचा तर बॉयलर थंड करावा लागला असता, म्हणजे दोन दिवस. मी धान मोजायच्या काट्यावरचं पाच किलोचं वजन आणून दांड्याला तारेने बांधलं. कोणी सांगितलं नव्हतं. मग चहा प्यायला गेलो.

दाब किती चढला ते मला माहीत नाही, कारण बघायला मी नव्हतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फुटली. उकळतं पाणी आणि वाफ सरळ बाहेर. नियम असा की नळीचे वरचा-खालचा असे दोन कॉक बंद करायचे. ते करायला वाफेत हात घालावा लागतो. चैतरामने घातला. दोन्ही कॉक बंद केले. आत सात माणसं होती, ती त्याच्यामुळे घरी गेली.

आवाज ऐकून मी धावत आलो. चैतराम भुशाच्या ढिगाशी बसला होता, हात पुढे धरून. मी त्याच्याजवळून गेलो. शिडीवर चढलो, तार सोडली, पाच किलोचं वजन काढलं, खाली उतरलो, ते काट्याजवळ नेऊन ठेवलं. मग चैतरामकडे आलो. यात दोन मिनिटं गेली असतील. या दोन मिनिटांची मला लाज वाटते. वजन बांधणं ही चूक होती, ती कोणाच्याही हातून होते असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. आधी वजन काढलं आणि मग माणूस उचलला, याला मला आजवर कारण सापडलेलं नाही.

इन्स्पेक्टर आले, नोंद वाचून गेले. चैतरामला महिनाभराने कामावरून काढलं. माझं सर्टिफिकेट शाबूत राहिलं.

कारण: माझी चूक. चैतराम उईके याची कोणतीही चूक नव्हती. हे कलम माझ्या मृत्यूनंतर त्याला वाचून दाखवावं.

कलम ६. माझ्या तेरवीला कॉफीचं मशीन लावू नये. साधा चहा करावा. मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारी रेणूवर. तिने गेममध्ये माझा शिपाई जिथे उभा आहे तिथून पुढे न्यावा. त्या खेळात एक नियम चांगला आहे. मेल्यावर तुमच्याजवळचं सगळं मेल्या जागी पडून राहतं, आणि पुन्हा तिथवर चालत गेलात तर ते उचलता येतं. वाटेत दुसऱ्यांदा मेलात तर मात्र ते कायमचं गेलं.

(इथपर्यंतचा मजकूर वकिलांकडे टाईप केलेला आहे. पुढचा मजकूर आज, रविवारी, सही करण्यापूर्वी माझ्या हाताने लिहीत आहे.)

कलम ७. टाईप केलेले कागद घरी आणून वाचले तेव्हा मेल्यावर वाचून दाखवायची गोष्ट मेल्यावरच का, याचं उत्तर मला देता येईना. म्हणून गुरुवारी चिचगडच्या बसमध्ये बसलो. चैतराम घरासमोर मोहाच्या सावलीत मशीनची पितळी टाकी घासत होता. मी सांगितलं, गोंदियाला ये, एक कागद वाचून दाखवायचा आहे. तो का ते न विचारता आज सकाळच्या गाडीने आला. बैठकीत नंदाबाई, पुण्याहून आलेली रेणू, शालीकराम आणि तो, यांच्यासमोर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

वाचून झाल्यावर चैतराम म्हणाला, "वजनाचं मले त्याच दिवशी मालूम होतं, साहेब. तुमी शिडी चढत होते, तवा मी पाहूनच राहिलो होतो."

मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, "कोनं विचारलं? आन् पेलेल्या मानसाचं कोन आयकते?"

मग त्याने कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "दारूचं काऊन नाई लिवलं?"

मला खरोखर ते सुचलं नव्हतं. हे खोटं वाटेल, पण आठ महिने मी ही नोंद घासूनपुसून लिहीत होतो आणि त्यात ही गोष्ट आली नाही, कारण मी माझ्या तोंडाने ती कधी बोललोच नाही असं मी धरून चाललो होतो. ती आता लिहितो.

इन्स्पेक्टरने मला विचारलं होतं, फायरमन प्यायलेला होता का? मी म्हणालो, काही सांगता येत नाही, साहेब. सांगता येत होतं. सकाळी सहापासून तो माझ्याशेजारी होता, आम्ही एकाच डब्यातली भाकर खाल्ली होती. माझं ते वाक्य मिलमध्ये फिरलं, मिलमधून गावात गेलं, आणि चिचगडला पोचेपर्यंत चैतराम मोहाची पिऊन हात जाळून बसला असं झालं. गोंड माणूस, चिचगडचा, मोहाचा मुलूख. कोणाला शंकाही आली नाही. मीही कोणाला अडवलं नाही. अर्जुनी मोरगावच्या त्या लग्नात नंदाबाईने पंगतीत शेजारणीला सांगितलं, तो पाहा, दारूत हात जाळून बसलेला तो. मशीन दहा पावलांवर होतं. मी वरण कालवत होतो, तसाच कालवत राहिलो.

हे मी वाचून दाखवल्यावर नंदाबाई उठून चैतरामसमोर गेली. तिने हात जोडले. तो म्हणाला, "तुमचा काय दोष, बाई. तुमाले जसं सांगतलं तसं तुमी बोलल्या." नंदाबाईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलं तेव्हा गप्प राहिलो होतो, तेवढं तिला पुरलं. तिची माफी मी या कागदावर मागतो.

चैतराम म्हणाला, त्याची मुलगी संध्या हिची सोयरीक दोनदा जुळून मोडली, बाप बेवडा आहे म्हणून. तिसऱ्यांदा जमली, आता तिला दोन पोरं आहेत. पण जावई अजून सणाला आला की सासऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. त्याने आयुष्यात देवाला वाहिलेल्या थेंबापलीकडे मोहाची चाखली नाही. मला हे माहीत नव्हतं. बारा हंगाम एका भट्टीपुढे काढून मला हे माहीत नव्हतं.

मी त्याला म्हणालो, जमीन घे, यंत्र घे. तो उठून स्वयंपाकघरात गेला, यंत्राच्या मागून-पुढून पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच की हिचा वॉल्व्ह कुठं आहे. मी दाखवला. त्याने मान हलवली. मग म्हणाला, त्याला कॉफी आवडत नाही, कधीच आवडली नाही, आणि चिचगडला लाईन कधी राहते, कधी नाही. जमिनीचं विचारलं तर म्हणाला, "जमीन घेतली तं लोक म्हनतीन, पैसे घेऊन कागद लिवून घेतला. ज्याले भेटते त्याले साक्षीले बसता येत नाई, असं तुमीच वाचलं ना आत्ता? मंग मले काई नको. मी साक्षीलेच बसतो."

मी विचारलं, माफ केलंस का. विचारायला नको होतं. तो म्हणाला, "ते मी पाहीन. आज सही करतो."

सबब कलम ४ मधील चैतराम उईके याला द्यायची जमीन आणि यंत्र, दोन्ही त्याच्या इच्छेवरून रद्द. जमीन रेणूची. यंत्र नंदाबाईचं, तिने त्यात काढा करावा.

आणि या मृत्युपत्रातली पुढील नोंद माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासूनच लागू. तिच्या पाच प्रती चैतरामला आज दिल्या. एक त्याच्या जावयासाठी आहे, ती मी स्वतः नेऊन देणार आहे.

दिनांक १७ जानेवारी १९९९, वेळ सकाळी ११.२०. फायरमन चैतराम झनकलाल उईके हा त्या दिवशी प्यायलेला नव्हता. प्यायलेला मी पाहिलेला तो एकही दिवस नाही. सेफ्टी वॉल्व्हला वजन मी बांधलं. त्याने सात माणसं वाचवली. ही नोंद करणारा त्या वेळी जागेवर नव्हता.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे, आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: गोंदिया
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार
(सही) लीलाधर आसाराम बहेकार

साक्षीदार क्र. १
(सही) शालीकराम तुकाराम मेंढे, गोंदिया. पाना आजच परत केला आहे.

साक्षीदार क्र. २
(सही) चैतराम झनकलाल उईके, चिचगड, तालुका देवरी.

टीप: साक्षीदार क्र. २ यांना अंगठा चालेल किंवा डाव्या हातानेही चालेल असं सांगितलं होतं. त्यांनी सही उजव्या हाताने केली. चार मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही.